बसले ते बसलेच

पाणीपुरवठा कार्यालयातल्या झाडून सगळ्या माणसांना सतरंज्यांवर बसवून कोचबाईंनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्या मनात धाकधूक होती ती एवढीच, की आपला आवाज कापू नये. बसलेली माणसं परत उठतील की नाही, ही शंका त्यांना शिवलीही नव्हती.

व्यायाम शिकवणारी बाई म्हटल्यावर जे डोळ्यांसमोर येतं, त्यातलं कोचबाईंकडे गळ्यातली शिट्टी सोडली तर काहीच नव्हतं. पन्नाशी उलटलेली, अंगाने भरलेली, कानशिलं पांढरी झालेली बाई. तरुणपणी त्या रुग्णालयाच्या वॉर्डात मदतनीस होत्या. पेशंटला कुशीवर वळवायचं, उठवून बसवायचं, धरून दोन पावलं चालवायचं, यात त्यांची उमेदीची वर्षं गेली. मग रीतसर शिक्षण घेऊन त्या एका व्यायामशाळेत लागल्या. तिथे तरुण मुलं आरशासमोर दंड फुगवत असायची आणि कोचबाई दारापाशी आजीआजोबांना जमिनीवर आडवं करून उठायला शिकवत असायच्या. मालकाने ते काही दिवस सोसलं आणि मग एकदा बाजूला बोलावून सांगितलं, की नवीन गिऱ्हाईक दारातूनच परत जातं, आत काहीतरी बरंवाईट झालंय असं त्याला वाटतं.

तेव्हापासून कोचबाई घरोघरी जाऊन शिकवत. एवढं मोठं, अख्ख्या कार्यालयाचं काम त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं आणि तेही अजून पुरतं मिळालेलं नव्हतं. कर्मचाऱ्यांच्या तब्येतीकडे लक्ष द्या, असं वरून फर्मान आलं होतं. हेडक्लार्कच्या बायकोचे गुडघे कोचबाईंनी चालते केले होते, म्हणून हेडक्लार्कनीच साहेबांकडे त्यांचं नाव सुचवलं. आज सकाळी कार्यालय उघडण्याआधी एक नमुना दाखवायचा, पसंत पडला तर दर आठवड्याला यायचं, असं ठरलं होतं. निघताना कोचबाईंच्या नवऱ्याने, दुरुस्तीला आलेल्या घड्याळाच्या पोटातून डोळा न काढता, एकच सूचना केली होती.

"अगं, व्यायाम तेवढा दाखव. पुराण लावू नकोस."

कोचबाईंनी पुराण लावलं. त्यांचा नाइलाज होता. आपण हे का करतो, हे सांगितल्याशिवाय त्यांना शिकवताच येत नसे आणि ते सांगायचं तर वडिलांपासून सुरुवात करावी लागे.

वडील शिंपी होते. जन्मभर मशीनवर वाकून बसलेला माणूस. म्हातारपणी एकदा घरात कुणी नसताना कॉटवरून उतरताना घसरले आणि कॉट आणि भिंत यांच्या मधल्या सांदीत बसले. कोचबाई ड्युटी संपवून आल्या तोवर दिवस कलला होता. त्यांनी घाबरून हातपाय चाचपले. कुठे मोडलेलं नाही, खरचटलेलंसुद्धा नाही. मग उठला का नाहीत, असं विचारल्यावर वडील ओशाळून म्हणाले होते, "कुठून सुरुवात करायची, तेच आठवेना गं."

"हाड मोडलं असतं ना, तर मला एवढा धक्का बसला नसता," कोचबाई म्हणाल्या. "पण माणूस उठायचंच विसरला होता. तान्ह्या पोराला जे येतं, ते माझ्या बापाला आठवत नव्हतं."

टायपिस्टबाईंनी पदर डोळ्यांना लावला. कोचबाईंना आणखी चेव आला. मग वडिलांना रोज सकाळी जमिनीवर निजवून कसं शिकवलं, आधी शेजारीपाजारी कसे नावं ठेवायचे, पुढे वडील इतके तरबेज झाले की दोऱ्याचं रीळ मुद्दाम खाली टाकायचे आणि लोकांदेखत स्वतः बसून, उचलून, उठून दाखवायचे, हे सगळं त्यांनी सविस्तर सांगितलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. पोट कमी करणं, दंड वाढवणं ज्याला हवं त्याने करावं. पण ज्याला जमिनीवरून स्वतःचं स्वतः उठता येतं, तो कुणाचा मिंधा नाही.

हे ऐकण्यात सगळे इतके रंगून गेले, की मांडी मोडायचं कुणाला सुचलं नाही. वर्षानुवर्षं खुर्चीशिवाय कशावरही न टेकलेली ती शरीरं. कमरेखाली काय चाललंय, याचा पत्ता वरच्या अर्ध्याला लागला तो कोचबाई "चला, आता हात न टेकता उठा" म्हणाल्या तेव्हा.

पहिल्यांदा हसू फुटलं. हेडक्लार्क पुढे झुकले आणि तसेच झुकलेले राहिले. आपला डावा पाय आपला नसून शेजाऱ्याचा असावा, अशा नजरेने ते त्याच्याकडे पाहू लागले. कुणी कण्हलं, कुणी मुंग्या झाडू लागलं, तक्रार विभागातले दोघे एकमेकांना धरून उठायला गेले आणि एकमेकांच्या अंगावर बसले. कोचबाईंनी हसत सांगितलं, की हात टेका, भिंत धरा, यात लाज नाही. हळूहळू पायांत जीव आला. शिपाई उभा राहिला. टायपिस्टबाई अर्ध्या उठल्या. तेवढ्यात त्यांची नजर साहेबांकडे गेली आणि त्या पुन्हा खाली बसल्या. त्यांचं पाहून शिपाईही बसला.

साहेब पहिल्या रांगेत, मधोमध, मांडी घालून बसले होते. चेहऱ्यावर मंद हसू होतं. ते उठण्याचं कोणतंही लक्षण दाखवत नव्हते.

त्या कार्यालयात एक अलिखित शिस्त होती. मीटिंग कितीही लांबली तरी साहेब उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही. ही शिस्त साहेबांनीच लावली होती आणि एका नव्या कारकुनाने ती एकदा मोडल्यावर त्याला तळघरातल्या जुन्या मीटरांची निगा राखायला पाठवण्यात आलं होतं. त्यामुळे साहेब बसले आहेत म्हणजे मीटिंग चालू आहे, हे सगळ्यांनी ओळखलं आणि सगळे परत मांडी घालून बसले.

कोचबाई साहेबांजवळ जाऊन वाकल्या आणि हळूच विचारलं, की हात देऊ का. साहेबांचं हसू जागचं हललं नाही, पण ओठांच्या कोपऱ्यातून आवाज आला.

"काहीतरी बोलत राहा."

"पाय आखडलाय का?"

"दोन्ही. आणि कंबर. हळू बोला."

कोचबाईंच्या आयुष्यात असे साहेब बरेच आले होते. वॉर्डात सगळेच एका रंगाच्या कपड्यांत असत, एवढाच फरक. त्यांनी धीर दिला, की यात काही अवघड नाही. आधी कुशीवर वळायचं, मग दोन्ही तळवे आणि गुडघे जमिनीला टेकायचे, मग एक पाय पुढे घ्यायचा, की झालं. साहेबांना हे ऐकून जो धक्का बसला तो त्यांच्या हसण्यातूनही दिसला.

"म्हणजे रांगायचं? माझ्या स्टाफसमोर?"

मग सगळ्यांना बाहेर पाठवू, असं कोचबाईंनी सुचवलं. पण त्यासाठी सगळ्यांना उठावं लागणार आणि साहेब खाली बसलेले असताना त्यांच्या डोक्यावरून स्टाफ ताठ मानेने निघून जाणार, हे चित्र साहेबांना रांगण्यापेक्षाही भयंकर वाटलं. त्यांनी स्टाफकडे वळून जाहीर केलं, की खूप छान वाटतंय, कुणीही घाई करू नये. कोचबाईंना त्यांनी खुणेनेच चालू ठेवायला सांगितलं.

चालू काय ठेवायचं, हा प्रश्नच होता. कोचबाईंनी मानेचे व्यायाम घेतले. खांद्यांचे घेतले. डोळ्यांचेसुद्धा घेतले. तेवढ्यात कार्यालय उघडायची वेळ होऊन गेली. दार उघडायचं काम शिपायाचं आणि शिपाई तिसऱ्या रांगेत खांदे फिरवत होता. बाहेर तक्रारी घेऊन आलेल्या लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि मग स्वतःच दार लोटलं.

पुढे होते एक निवृत्त मास्तर. त्यांच्या गल्लीत पाणी येत नव्हतं आणि त्याची तक्रार करायला ते इतक्या वेळा आले होते, की खिडकीतला कारकून त्यांना पाहताच जेवायला जाई. आज मास्तर नेहमीचं भांडण मनात जुळवतच आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. सगळ्या खुर्च्या रिकाम्या. सगळं कार्यालय जमिनीवर रांगा करून बसलेलं. कुणी बोलत नाही, कुणी हलत नाही आणि खुद्द साहेब सगळ्यांच्या पुढे, चेहऱ्यावर यातना गिळल्यासारखं हसू घेऊन.

मास्तरांच्या हातातली पिशवी गळून पडली. ते मागे वळून लोकांना दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, हे धरण्याला बसलेत."

कशासाठी, असं कुणीतरी विचारलं. मास्तरांना ते कळायला वेळ लागला नाही. जन्मभर मुलांच्या चुकांमध्येसुद्धा चांगला अर्थ शोधलेला माणूस. आपल्या तक्रारींनी शेवटी यांच्या काळजाला पाझर फुटला, वरचे लोक पाणी सोडत नाहीत म्हणून हे बिचारे आपल्यासाठी बसले, असं त्यांनी सांगितलं. मग चप्पल काढून ते शेवटच्या रांगेमागे बसले. त्यांच्यामागे बाकीचे बसले. कोचबाई पुढे होऊन खरं काय ते सांगू लागल्या, पण साहेबांनी इतक्या कळवळून त्यांच्याकडे पाहिलं, की त्यांचं वाक्य अर्ध्यातच विरलं.

खिडकीच्या बाहेर गर्दी जमली. कुणीतरी फोटो काढला. तो फोटो कुठून कुठून फिरत मुख्य कार्यालयात मोठ्या साहेबांच्या फोनवर पोचला, तेव्हा ते चहा पीत होते. तो चहा त्यांनी तसाच सोडला.

मोठे साहेब आले ते घाम पुसतच. आजवर त्यांनी घोषणा ऐकल्या होत्या, फलक पाहिले होते, एकदा तर शाईसुद्धा अंगावर घेतली होती. पण असलं शांत, शिस्तीचं आंदोलन त्यांनी पाहिलं नव्हतं आणि त्यामुळेच ते हादरले होते. सगळ्या खोलीत एकच व्यक्ती उभी होती. ते तिच्याकडे गेले.

"तुम्ही कोण? यांच्या पुढारी?"

"नाही हो साहेब," कोचबाई म्हणाल्या. "मी यांना उठवायला आलेय."

"ते दिसतंच आहे. उठाव झालेलाच आहे," मोठे साहेब म्हणाले आणि आणखी घाम पुसत स्टाफकडे वळले. तुमचं म्हणणं काय आहे, असं त्यांनी विचारलं. स्टाफचं काहीच म्हणणं नव्हतं. सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. मोठ्या साहेबांना ही शांतता फार जड गेली. छपराच्या गळतीबद्दल असेल तर ती या महिन्यात काढून देतो, असं ते आपण होऊनच म्हणाले. कुणी हललं नाही. रखडलेल्या बढत्यांचंही बघतो, ते म्हणाले. तरी कुणी हललं नाही. हेडक्लार्कच्या घशातून मात्र एक विचित्र आवाज आला, कारण त्यांची बढती रखडली त्यालाही आता जमाना झाला होता.

तेव्हा मोठ्या साहेबांना आठवलं, की उभं राहून बोललेलं लोकांना आवडत नाही, त्यांच्या पातळीवर जावं लागतं. त्यांनी पँट गुडघ्यांपाशी चिमटीत धरली आणि ते साहेबांच्या समोर, खाली बसले. बसताना त्यांच्या गुडघ्यातून आलेला आवाज कोचबाईंनी ऐकला. त्यांना पुढचं सगळं दिसलं, पण उशीर झाला होता.

"आता मोकळेपणाने सांगा," मोठे साहेब म्हणाले. "काय हवंय तुम्हाला?"

साहेबांची सहनशक्ती संपली होती. त्यांच्या तोंडून मनातलं खरं तेच बाहेर पडलं.

"उठता यायला हवं, साहेब. एवढंच. माणसाला उठता यायला हवं."

मास्तरांनी मागून हुंदका दिला. मोठ्या साहेबांना यात दबलेल्या लहान माणसाची कळ ऐकू आली. त्याच वेळी त्यांच्या पोटरीत गोळा आला. पुढच्या वाटाघाटी त्यामुळे आश्चर्यकारक वेगाने झाल्या. छप्पर मान्य. बढत्या मान्य. मास्तरांनी मागून गल्लीतल्या पाण्याचं विचारलं, तेही मान्य. तळघरातल्या मीटरवाल्या कारकुनाला वर घ्या, असं कुणीतरी धीर करून म्हणालं. मोठ्या साहेबांनी दात आवळून तेही मान्य केलं.

"झालं ना समाधान? मग आता उठा सगळे."

कुणी उठलं नाही, कारण साहेब उठले नाहीत. मोठे साहेब स्वतः उठायला गेले, अर्ध्यात थांबले आणि फार सावकाश परत बसले. त्यांच्या चेहऱ्यावर तेच मंद हसू आलं. कोचबाईंना ते आता ओळखीचं झालं होतं. दोन साहेब समोरासमोर बसून एकमेकांकडे पाहून हसत होते आणि खालच्याने आधी उठायचं की वरच्याने, हे सांगणारा कुठलाच नियम नव्हता.

कोचबाईंच्या डोळ्यांसमोर कॉट आणि भिंत यांच्यामधली ती सांदी आली. त्यांनी जाऊन दार-खिडक्या लावल्या आणि जोरात शिट्टी फुंकली. मास्तर दचकून सरळ झाले.

"सगळ्यांनी डोळे मिटायचे," त्या म्हणाल्या. वॉर्डातला जुना आवाज होता तो; भल्याभल्यांनी त्या आवाजावर औषध गिळलं होतं. "मी सांगेपर्यंत कुणी उघडायचे नाहीत. व्यायामाचा शेवटचा भाग आहे. जो डोळा उघडेल त्याची कंबर धरेल."

तसं काही नसतं. पण सगळ्यांनी डोळे गच्च मिटले. मग त्यांनी एकेक करून सांगितलं. कुशीवर वळा. घाई नको. तळवे टेका. गुडघे टेका. मान सैल सोडा. आता एक पाय पुढे, हात मांडीवर आणि श्वास सोडत वर. खोलीभर खुसफुस, कण्हणं, कपड्यांची सळसळ आणि मध्येच कुठेतरी शिवण उसवल्याचा आवाज झाला. सगळं कार्यालय, दोन्ही साहेबांसकट, सतरंजीवर रांगत होतं आणि ते पाहणारी व्यक्ती एकच होती. तिने काय पाहिलं ते तिने पुढे नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही.

"उघडा डोळे."

सगळे उभे होते. साहेबांनी केसांवरून हात फिरवला. मोठ्या साहेबांनी टाय सारखा केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मास्तरांनी पुढे येऊन साहेबांना मिठी मारली. त्या दिवसापासून आपल्या माणसांसाठी हूं की चूं न करता बसून राहिलेला अधिकारी म्हणून साहेबांचं नाव झालं आणि चार लोकांनी तसं म्हटल्यावर साहेबांनाही ते खरं वाटू लागलं. फक्त कोचबाई दिसल्या, की त्यांना लगेच काहीतरी काम आठवायचं. दर आठवड्याच्या वर्गाचं पुन्हा नाव निघालं नाही. हातचं काम गेलं, असं धरून कोचबाईंनी मनाची तयारी केली. नवऱ्याने पुराणाबद्दल चकार शब्द काढला नाही, हे त्यांना जास्त लागलं.

अशात त्यांना मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं.

आता आपल्यावर उठावाचा ठपका येतो, या भीतीने कोचबाई मोठ्या साहेबांच्या खोलीत गेल्या. मोठ्या साहेबांनी दार लोटून घेतलं, कोचबाईंना खुर्ची दिली आणि आवाज खाली आणला. लवकरच सगळ्या विभागांचे प्रमुख त्यांच्याकडे बैठकीला येणार होते. वर्षानुवर्षं तेच वाद, तीच भांडणं. एकही गोष्ट मान्य होत नव्हती. त्या दिवशी मात्र, साहेब म्हणाले, आपण स्वतः किती पटापट सगळं मान्य केलं, याचा त्यांनी फार विचार केला होता.

"खुर्चीवर बसलेला माणूस दिवसभर नाही म्हणू शकतो," ते म्हणाले. "खाली बसलेला नाही म्हणू शकत नाही. तुम्ही त्या दिवशी बोललात तसंच बोला. वडिलांचं सगळं सांगा, काही गाळू नका. फक्त त्यांना उठायला शिकवायचं ते मी खूण केल्यावर."

जिचा जन्म माणसं उठवण्यात गेला अशी बाई आणि तिच्याकडे कुणीतरी माणसं बसवायचं काम घेऊन आलं होतं. कोचबाई इतकंच म्हणाल्या, की बैठक बोलावणाऱ्यालाही त्यांच्याबरोबर बसावं लागेल, नाहीतर कुणी बसणार नाही. मग उठणं आधी तुम्हाला यायला हवं.

हे साहेबांना पटलं. सराव आत्ताच करू, असं म्हणून त्यांनी कोट काढला आणि टेबलाच्या अलीकडे गालिच्यावर मांडी घातली. कोचबाईंनी त्यांना डोळे मिटून दीर्घ श्वास घ्यायला लावला. नेमका तेव्हाच साहेबांचा शिपाई चहा घेऊन आत आला. त्याने गालिच्यावर डोळे मिटून बसलेले साहेब पाहिले. शेजारी उभी असलेली शिट्टीवाली बाई पाहिली. तिचा फोटो अख्ख्या कार्यालयाने पाहिलेला होता. त्याने ट्रे अलगद जमिनीवर ठेवला आणि पावलांचा आवाज न करता दार ओढून घेतलं.

साहेबांना कुशीवर वळवून, तळव्यांवर आणून, उभं करायला कोचबाईंना बराच वेळ लागला. पण ते उठले आणि कुणाचाही हात न धरता उठले. लहान मुलासारखे खूश होऊन ते कोचबाईंना पोचवायला स्वतः निघाले. त्यांनी दार उघडलं.

सगळा व्हरांडा खाली बसला होता. जिन्यापासून पार टोकापर्यंत, लेखनिक, अभियंते, ड्रायव्हर, सगळे मांडी घालून, गप्प. साहेबांचा हात दाराच्या मुठीवरच राहिला. पहिल्या रांगेतल्या एका वयस्कर अधिकाऱ्यांनी मान वर केली.

"साहेब, वरच्या लोकांशी तुमचं काय बिनसलंय ते आम्ही विचारणार नाही," ते गंभीरपणे म्हणाले. "पण आम्ही तुमच्या पाठीशी बसलो आहोत."

कोचबाईंनी त्या रांगांमधल्या गुडघ्यांवरून सावकाश नजर फिरवली आणि हातातली पर्स खाली ठेवली.